करंटचं कुंपण

आमच्या घरात मोठेबाबा आणि आई एकमेकांशी कधी बोलत नसत. भांडण नव्हतं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आईचे भासरे. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी तोंडावर बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे दोघं एकाच अंगणात बसलेले असले तरी बोलणं माझ्यामार्फत चाले. "मंगले, तुह्या मायले सांग, तिच्या रोह्याइनं काल माही तूर खाल्ली," असं मोठेबाबा म्हणत. रोही म्हणजे नीलगाय. मी वळायच्या आत आई भाकर उलटत म्हणे, "मंगल, त्यांना सांग, रोही माझे नाहीत. आणि तूर थोडी माझीही आहे." मग मोठेबाबा पायावर थाप मारून हसत, चुलीपाशी बसलेली मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, पदर तोंडाला लावून हसे, आणि माझी मधल्यामध्ये करमणूक होई. त्या घरात मी पुष्कळ हसले आहे. पुढचं लिहायच्या आधी हे सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं हसण्यासारखं फार काही नाही.

आमचं गाव वलगावच्या पुढं, पेढी नदीच्या काठचं. काळी जमीन, पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. वडील नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यात पाळीवर जात. येताना त्यांच्या अंगाला सुताचे तंतू चिकटलेले असत. शेती मोठेबाबांकडे. आई गावातल्या शाळेत शिक्षिका. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा घरात आल्या की मोठीआई त्यांचे सोले काढायला बसे आणि वांग्यात सोले घालून अशी भाजी करी, की तिचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जाई. मी आता अकोल्यात राहते. बाजारात सोले विकत मिळतात, सोललेले, पिशवीत बांधलेले. आणते, भाजी करते, पण ती मोठीआईच्या भाजीसारखी होत नाही. दिवस मावळायला लागला की गावाभोवती डबे वाजायला सुरुवात व्हायची. ज्याच्या त्याच्या शेतात कुणीतरी उभा राहून पत्र्याच्या डब्यावर काठी हाणायचा, मधूनच "हो ऽऽ हो ऽऽ" अशी आरोळी द्यायचा. रोही आणि रानडुकरं यांना हाकलायचे ते आवाज. लहानपणी मला वाटे, सगळ्याच गावांत संध्याकाळ अशीच होत असेल.

कापूस ठेवायची आमची एक जुनी खोली होती. कापूस थेट मोंढ्यात जायला लागल्यावर ती रिकामी पडली, तेव्हा आईनं ती मागून घेतली. अर्थात माझ्यामार्फतच. मोठेबाबांनी दिली, वर स्वतः गेरूनं रंगवूनही दिली. आईनं तिचं नाव ठेवलं निसर्गघर. भिंतीवर जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर काढलेली पाखरांची चित्रं, फळीवर बरण्यांतून पळस, बहावा, चारोळी यांच्या बिया, सापाची कात, साळिंदराचे काटे, रोह्याचं एक शिंग. वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी दिलेली एक दुर्बीण होती. तिच्या एका डोळ्यातून धूसर दिसे. दर रविवारी सकाळी गावातली पोरं तिथं जमत. आई त्यांना नदीकडे नेई, पाखरं दाखवी, परत आल्यावर गोल उभं करून हातात सुतळी देई. एक पोरगं गवत, एक नाकतोडा, एक बेडूक, एक साप, एक घार. मग गवताला सुतळी सोडायला सांगे आणि सगळ्यांच्या हातातली सुतळी कशी ढिली पडते ते दाखवी.

त्या पोरांत फरजाना होती. माझ्या वर्गातली, माझी जिवाची मैत्रीण. तिचे अब्बा रशीदभाई संत्र्याचे बगीचे फुलोऱ्यावरच विकत घेत आणि संत्रा पेट्यांत भरून बाहेर पाठवत. तिच्या घराला वर्षातले काही महिने संत्र्याच्या सालीचा वास असायचा. फरजाना काही शहाणी विद्यार्थिनी नव्हती. सुतळीच्या खेळात तिला प्रत्येक वेळी घारच व्हायचं असे. पाखरं पाहायला गेलं की आई बोट ओठांवर ठेवी आणि नेमकं तेव्हाच फरजानाला मोठ्यानं काहीतरी सांगायचं असे. "मॅडम, ते पाहा, उडून राहिलं!" ते उडालेलं असे तिच्याच आवाजानं. आई रागावायची आणि दुर्बीण पुन्हा तिच्याच गळ्यात घालायची. मला याचा थोडा हेवा वाटे. तिला मात्र त्याचं काही नव्हतं, ती दुर्बीण माझ्या डोळ्याला लावून म्हणे, "बंद कर नं तो फुटका डोळा. एकानंच पाह्य."

त्या हिवाळ्यात रोह्यांनी कहर केला. कळपच्या कळप येऊन हरभऱ्यात नुसते लोळले, तरी वाफेच्या वाफे भुईसपाट होत. डुकरं तूर मुळापासून उकरत. निसर्गघरात आईनं एक दिवस मोठ्या माणसांनाही बोलावलं. सौर पेटीवरचं झटका देणारं कुंपण कसं असतं, त्यानं जनावर घाबरतं पण मरत नाही, काही गावांत मिळून ते कसं लावलं, नुकसानभरपाईचा अर्ज कुठं द्यायचा, असं तिनं सगळं सांगितलं. लोक ऐकून घेत होते. शेवटी एक जण म्हणाला, "मॅडम, सांगणं बराबर आहे. पण तुमची पेटी येईपर्यंत तूर राहीन का?" मोठेबाबा दाराशी उभे होते. घरी आल्यावर ते मला म्हणाले, "तुह्या मायले सांग, चांगलं बोलली. पण रोह्याले मराठी समजत नाही." आई त्या दिवशी हसली नाही. ती म्हणाली, "त्यांना सांग, तारेत करंट सोडायचा विचारही करू नका म्हणावं." मोठेबाबा म्हणाले, "मी काही येडा आहो का?"

करंट त्यांनी त्याच आठवड्यात सोडला. आईपासून लपवून. गावात अनेकांनी आधीच सोडला होता, आणि तेही आमच्या घरापासून लपवून, कारण घरात मास्तरीणबाई होती. आईनं इतकं समजावलं, त्याचा एवढाच परिणाम झाला, की तिला कुणी खरं सांगेना. हे मला फार उशिरा कळलं. आज शाळांतून, संस्थांतून पर्यावरणावर बोलणारी तरुण मंडळी भेटतात, तेव्हा मी त्यांना एवढंच विचारते, की लोक तुम्हाला खरं सांगतात का?

शेतीला तेव्हा वीज पाळीनं मिळे, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तुरीच्या कडेनं खुंट्यांवर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक बारीक तार फिरवलेली होती; रात्रीच्या पाळीत मोठेबाबा तिचा आकडा विहिरीवरच्या मोटारीच्या डब्यात अडकवत, आणि उजाडायच्या आत तो काढून घरी येत. त्या रविवारी लाइन पहाटे लवकरच गेली. आता येत नाही असं समजून ते आकडा तसाच ठेवून घरी आले. थंडी कडाक्याची होती. ते चुलीपाशी शेकत बसले, मोठीआईनं त्यांना चहा दिला. मी निघताना त्यांनी मला बशीतला चहा दिलेलाही आठवतो. आम्ही कुठं चाललो ते त्यांनी विचारलं नाही, कारण आम्ही दर रविवारी नदीच्या वाटेनंच जात होतो. पण आदल्या दिवशी फरजानानं डोहात चक्रवाकाची जोडी पाहिली होती, आणि डोहाकडे जायला आमच्या तुरीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जवळ पडे. धुऱ्यावरून जायचं आईनं ठरवलं. आपलंच शेत, म्हणून.

दव इतकं होतं की आमच्या सलवारी गुडघ्यापर्यंत ओल्या झाल्या. आई पोरांच्या मध्ये होती, मी तिच्या मागं. फरजाना नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढं, दुर्बीण एका हातानं धरून जवळजवळ पळत. डोहाकडून चक्रवाकांचा आवाज आला. "मॅडम, आहेत!" म्हणून ती ओरडली आणि धुरा सोडून तुरीत शिरली. तूर तिच्या खांद्याएवढी होती. झाडं बाजूला सारायला ती वाकली आणि तशीच खाली बसली. मला वाटलं, लपून पाहते आहे. ती काही बोलली नाही, एवढंच मला विचित्र वाटलं.

आईला माझ्याआधी कळलं. तिनं दोन्ही हात पसरून पोरं अडवली आणि अशा आवाजात ओरडली, जो मी तिचा त्याआधी ऐकला नव्हता. "कोणी पुढं जाऊ नका! हात लावू नका! मंगल, मोटारीकडं पळ, बटन पाड!" मी पळाले. ढेकळांवरून पडले, उठले. मोटारीच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. डब्यातल्या वरच्या खिळ्याला तार अडकवलेली होती, तिला आकडा वळवलेला होता, आणि डब्यावरचा लाल दिवा लागलेला होता. लाइन परत आली होती. मी खटका पाडला. दिवा गेला. परत आले तेव्हा आईनं कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काठीनं तार दूर केली होती आणि फरजानाला धुऱ्यावर घेऊन ती तिची छाती दाबत होती, तोंडात श्वास भरत होती, पुन्हा दाबत होती. पोरं रडत होती. फरजानाच्या तळहातावर काळी रेघ होती. आईनं मान वर न करता मला विचारलं, "कुठून जोडली होती?" मी म्हटलं, "आपल्या डब्यातून." आईचे हात थांबले नाहीत.

गावातल्या जीपमधून तिला वलगावला नेलं. आई सोबत गेली, रशीदभाई सोबत गेले. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि पुढं अमरावतीला न्या म्हणाले, तेही नुसतं शवविच्छेदनाच्या कागदासाठी.

दुपारी आई परत आली तेव्हा आमच्या अंगणात गाव जमलं होतं. शेतातली तार निघालेली होती. खुंट्यासुद्धा उपटलेल्या. सरपंच खाटेवर बसले होते, मोठेबाबा ओट्याच्या कडेला, डोकं दोन्ही हातांत धरून. वडील कारखान्यातून आले होते, तसेच, अंगावर सूत घेऊन. सरपंच आईला शांतपणे म्हणाले, "मॅडम, झालं ते लय वाईट झालं. पण आता पाहा. खांबावरची लाइन तुटून शेतात पडली, असं सांगायचं. लाइन तर सरकारची. रशीदभाईले मदत भेटीन. तुमच्या घरचंबी माणूस वाचीन. पोरगी तं गेलीच नं." सगळे आईकडे पाहत होते. खोटं असं होतं की त्यात कुणाचंच नुकसान दिसत नव्हतं.

आई उभीच होती. तिच्या लुगड्याला धुऱ्यावरची माती लागलेली होती. ती म्हणाली, "आणि बाकीच्या शेतांतल्या तारा?" मग पुन्हा तीच म्हणाली, "त्या राहतीलच ना? लाइन तुटली म्हटल्यावर त्या काढायचं कारणच नाही."

वडील म्हणाले, "अवं, पण दादाले जेल होईन."

"होईल," आई म्हणाली.

तेव्हा मोठेबाबा उठले. अंगण ओलांडून आईसमोर येऊन उभे राहिले. मी पुढं सरकले, कारण निरोप माझ्याकडं येईल असं मला सवयीनं वाटलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते आईशी बोलले. "माय," ते म्हणाले, "लाइन गेलती वो. मले वाटलं, गेली. मी मुद्दाम नाही केलं. मले वाचव." आमच्याकडं पुरुष माणूस परक्या बाईला गयावया करतानाच "माय" म्हणतो. आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, रीतीप्रमाणे, आणि मग तीही सरळ त्यांच्याशीच बोलली. "तुम्ही मुद्दाम नाही केलं, हे मी सांगीन. लाइन गेली होती, हेही सांगीन. पण तार तुमची होती, हे सांगितल्याशिवाय मला राहता येणार नाही. तुम्हीच आधी सांगा. माझ्या आधी तुम्ही सांगा." मोठेबाबांचे ओठ हलले. मोठीआई आतून धावत आली आणि तिनं आईला अशा शिव्या दिल्या, ज्या मी इथं लिहीत नाही. ज्या तोंडानं ती मला प्रेमानं हाका मारायची, त्याच तोंडानं ती बोलली, एवढंच सांगते.

पोलीस जमादार आले तेव्हा मोठेबाबा काही बोलले नाहीत. सरपंचांनी लाइनची गोष्ट सांगितली. जमादारांनी आईला विचारलं. आईनं जे घडलं ते सांगितलं, शेवटी लाइन गेल्याचंही सांगितलं. मग त्यांनी मला विचारलं, "बेटा, तू काय पाह्यलं?" वडील माझ्याकडं पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. नको म्हणत होते, आणि नको म्हणताना लाजतही होते. मी म्हटलं, "तार आमच्या डब्यातून होती. दिवा लागलेला होता. मी बंद केला." मोठेबाबांनी तेव्हा मान वर केली आणि म्हणाले, "पोट्टी खरं सांगते." बस, एवढंच. आणि जीपकडं आपले आपण चालत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या कितीतरी धुऱ्यांवरच्या तारा निघालेल्या होत्या. काहींनी त्या गुंडाळून विहिरीत टाकल्या. तेवढं झालं. पण निसर्गघरात पुन्हा कुणी आलं नाही. ज्यांनी तारा काढल्या त्यांनीच पोरांना आईकडं पाठवणं बंद केलं. शाळेत पोरं येत, कारण शाळेत यावंच लागे. वाटेत बाया आईला पाहून बोलणं थांबवत. एकाच अंगणात दोन चुली झाल्या आणि मधे कुडाची भिंत आली. मोठीआई भिंतीपलीकडं भाकरी थापायची, तो आवाज आम्हाला ऐकू येई. डब्यांचा आवाज संध्याकाळी पुन्हा सुरू झाला. रोही येतच होते. त्या वर्षी आमची तूर कुणी राखलीच नाही, जनावरांनी ती पार खाल्ली.

खटला अमरावतीच्या कोर्टात चालला. तारखांना आई बसनं जायची, मला घेऊन. मोठेबाबा समोर उभे असत, दर तारखेला थोडे लहान झालेले. आईनं साक्ष दिली. वकिलांनी तिला विचारलं, पोरांना त्या शेतातून न्यायचं तुम्हीच ठरवलं होतं ना? ती म्हणाली, "हो, मीच." मोठेबाबांना शिक्षा झाली. भोगून ते परत आले, आणि नंतर शेतात फारसे गेले नाहीत. ते गेले तेव्हा आम्हाला निरोप आला नाही. दुसऱ्या कुणाकडून कळलं. मी त्यांच्यासाठी रडले. फरजानासाठी रडले तशीच रडले, आणि हे मी कुणाला समजावून सांगू शकत नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या बाहेर, निंबाखाली, रशीदभाई उभे होते. इतक्या तारखांत ते आईशी बोलले नव्हते. त्या दिवशी ते जवळ आले. दाढी पांढरी झाली होती. ते म्हणाले, "मॅडम, तुमी सच बोलल्या. आपल्या घरच्या माणसाच्या खिलाफ बोलल्या. हे मी मरेपर्यंत मानीन." आईनं हात जोडले. ते थोडे थांबले आणि त्याच आवाजात म्हणाले, "पण माही पोट्टी तुमच्याच मागं गेलती. हेबी मरेपर्यंत राहीन."

"हो, भाऊ," आई म्हणाली. यापेक्षा जास्त ती काही म्हणाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आम्ही बसस्टँडपर्यंत चालत आलो. तिनं मला केळी घेऊन दिली, स्वतः खाल्ली नाहीत.

पुढच्या बदल्यांच्या वेळी तिनं लांब डोंगरातली, धारणीकडची शाळा मागितली. कचेरीतल्या लोकांना नवल वाटलं. तिथून बाहेर पडायला माणसं हातापाया पडतात आणि ही मागून घेते. वडील कारखान्याजवळ नांदगाव पेठेलाच राहिले, महिन्यातून एकदा घाटातून बसनं येत. शाळा जंगलाच्या काठाला, बस उतरल्यावर जीपनं आणखी आत. पोरं कोरकू आदिवासींची, आईचं मराठी निम्मं समजणारी. तिथं पहिलं वर्षभर आईनं भिंतीवर एकही चित्र लावलं नाही. चित्रांचा गठ्ठा पत्र्याच्या पेटीत बंद होता. ती फक्त पाढे आणि बाराखडी शिकवायची. मी तिच्या हाताखाली दहावीचा अभ्यास करत होते, आणि मला वाटलं, ते सगळं आता संपलं.

मग शेजारच्या पाड्यात कुणाचा तरी बैल तारेला लागून मेला. बातमी आली त्या दिवशी आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती पाड्यात गेली आणि त्यानंतर घरोघर जात राहिली. भाषण नाही, चित्रं नाही. घरात जाऊन बसायची, पाणी प्यायची आणि विचारायची, "तुमच्या शेतात तार आहे का? मी कुणाला सांगणार नाही. मला फक्त कुठं आहे ते दाखवा." काही लोकांनी हाकललं. काहींनी दाखवली. काहींनी ती तिच्यासमोर काढली, काहींनी नाही काढली. ज्यांनी नाही काढली, त्यांच्याकडं ती पुन्हा पुन्हा गेली.

बऱ्याच दिवसांनी एका रविवारी काही पोरं शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, मॅडमला पाखरांची नावं येतात. आई बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बांबूची लांब काठी होती. "इथंच बसा," ती मला आणि पोरांना म्हणाली, "मी हात करेपर्यंत उठायचं नाही." आणि ती एकटीच नाल्याकडं जाणाऱ्या धुऱ्यावर उतरली. काठीनं दोन्हीकडचं गवत बाजूला करत, वाकून पाहत, पाऊल टाकत, पुन्हा वाकत. पोरं कंटाळली, एकमेकांना ढकलू लागली. मी त्यांना धरून बसले होते. ती पार टोकाला जाऊन पोचली, वळली, आणि आली त्याच धुऱ्यावरून पुन्हा तसंच पाहत परत आली. मग कुठं तिनं हात केला.